रांजणगावचं इंजिन

जीप म्हटलं की अमेरिका, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. पण आपल्या रस्त्यांवर दिसणारी जीप कंपास जन्मली ती पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या रांजणगावात. अष्टविनायकांतल्या महागणपतीमुळे शिरूर तालुक्यातलं हे गाव घरोघरी माहीत आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीतला फियाट आणि टाटांचा कारखाना मात्र भाविकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतो.

या कारखान्यात दोन्ही कंपन्यांची निम्मी-निम्मी भागीदारी. त्यामुळे एकाच आवारातून निरनिराळ्या नावांच्या गाड्या बाहेर पडत आल्या. फियाटची पुंटो आणि लिनिया इथलीच. टाटांची व्हिस्टाही इथली, आणि २०१७ साली आलेली नेक्सॉनसुद्धा. फियाटने २०१९ मध्ये भारतात स्वतःच्या नावाने गाड्या विकणं थांबवलं, पण कारखाना थांबला नाही. नाव बाजारातून गेलं तरी हात आणि यंत्रं कामात राहिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

कंपासचं उत्पादन इथे २०१७ च्या जूनमध्ये सुरू झालं. तेव्हा ही गाडी ब्राझील, मेक्सिको आणि चीनमध्येही बनत होती. पण ज्या देशांत वाहनं डावीकडून चालतात आणि चालक उजवीकडे बसतो, त्यांच्यासाठी निर्यातीचं केंद्र म्हणून रांजणगावची निवड झाली. इथल्या कंपास ऑस्ट्रेलिया आणि जपानपर्यंत गेल्या. विलीज जीपची जुळणी महिंद्रांनी मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली होती. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी जीप कंपास महाराष्ट्रातून परदेशी निघाली.

‘भारतात बनलेली’ या शब्दांत दोन वेगळी कामं दडलेली असतात, आणि ग्राहकाने तो फरक ओळखायला हवा. एका प्रकारात परदेशातून सुटे भाग आणून इथे फक्त जुळणी होते. अख्खी गाडी आयात करण्यापेक्षा त्यावर सीमाशुल्क कमी बसतं. रांजणगावातली जीप राँग्लर, २०२१ पासून, या प्रकारातली. दुसऱ्या प्रकारात पत्रा इथेच दाबला जातो, सांगाडा इथेच वेल्ड होतो, रंग इथेच चढतो आणि बरेचसे भाग जवळपासचे पुरवठादार देतात. एखाद्या परिसराला रोजगार आणि कसब मिळतं ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकारातून.

खरी गंमत इंजिनाची. कंपासचं दोन लिटरचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं, बनतं रांजणगावात. तेच इंजिन टाटांनी २०१९ मध्ये हॅरियरमध्ये बसवलं आणि त्याला क्रायोटेक असं आपलं नाव दिलं. हॅरियर तयार होते पिंपरीत. त्याच वर्षी आलेल्या एमजी हेक्टरच्या डिझेल गाडीतही हेच इंजिन. एमजी हे नाव ब्रिटिश, गाडी आणली शांघायच्या सैक या चिनी कंपनीने, आणि कारखाना गुजरातमधल्या हालोलचा, जो आधी अमेरिकन जनरल मोटर्सचा होता. म्हणजे अमेरिकन, भारतीय आणि ब्रिटिश नावाच्या तीन गाड्या, तिघींच्या शोरूम वेगळ्या, जाहिराती वेगळ्या, आणि बोनेटखाली शिरूर तालुक्यात बनलेलं एकच इंजिन. या तीन गाड्यांची तुलना करत बसणाऱ्या ग्राहकाला हे कुणी आपणहून सांगत नाही.

म्हणून विदेशी की स्वदेशी या वादात नुसत्या बिल्ल्यावर जाणं मला चुकीचं वाटतं. बिल्ला नफा शेवटी कुठे जातो याचा थोडाफार अंदाज देतो, आणि तो प्रश्नही महत्त्वाचा आहेच. पण गाडी कुणाच्या हातून घडली हे त्यावरून कळत नाही.

ते जाणून घ्यायची सुरुवात सोपी आहे. प्रत्येक गाडीचा सतरा अक्षरं-आकड्यांचा चासी नंबर असतो आणि तो नोंदणीच्या कागदावर छापलेला असतो. भारतात तयार झालेल्या गाड्यांचा हा नंबर साधारणपणे ‘एम’ने सुरू होतो, जपानी गाडीचा ‘जे’ने, जर्मन गाडीचा ‘डब्ल्यू’ने. जुळणी की पूर्ण उत्पादन, हे मात्र या अक्षरावरून समजत नाही. त्यामुळे पुढची गाडी घ्याल तेव्हा मायलेजसोबत आणखी दोन प्रश्न शोरूममध्ये जरूर विचारा: गाडी कुठल्या कारखान्यात बनली, आणि तिचं इंजिन कुठल्या?