रिमोटवरच्या गाडीचे स्क्रू

‘रिमोटवरची गाडी’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ते वाढदिवसाला मिळालेले आणि दोन दिवसांत बंद पडलेले खेळणे. शर्यतीसाठी बनवलेल्या रेडिओ-नियंत्रित गाड्यांची जात मात्र निराळी आहे. खऱ्या मोटारीच्या एक दशांश मापाची, बॅटरीवर चालणारी अशी एक गाडी उदाहरणादाखल घेऊ. तिचे वस्तुमान साधारण १३५० ग्रॅम असते आणि सरळ पट्ट्यात ती ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, एवढा वेग गाठू शकते. या वेगात ती कडेच्या कठड्यावर आदळली तर? गतिज ऊर्जेचे नेहमीचे सूत्र वापरा, उत्तर येते २७० ज्यूल. तीच गाडी २० मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ सातव्या मजल्यावरून, खाली टाकली तर जमिनीवर पोचताना तिच्याजवळ एवढीच ऊर्जा असेल.

हा दणका सोसून गाडीचे भाग एकमेकांना धरून ठेवायचे काम शंभरएक स्क्रू करतात. त्यांतले बहुतेक ‘एम-३’ मापाचे, म्हणजे ३ मिलिमीटर व्यासाचे. काडेपेटीतल्या काडीपेक्षा जरासे जाड, एवढेच. हे स्क्रू कशाचे असावेत, यावर या छंदातली मंडळी तासन् तास वाद घालतात. पोलाद, टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील असे चार उमेदवार आहेत. ‘टायटॅनियम पोलादापेक्षा मजबूत असते’ हे वाक्य त्या वादात हटकून येते. ते खरे आहे का, हे तपासता तपासता ‘मजबूत’ या एका शब्दात आपण किती निरनिराळे गुणधर्म कोंबतो तेही कळेल.

आधी वजनाचा हिशेब करू. १० मिलिमीटर लांबीचा, गोल डोक्याचा पोलादी एम-३ स्क्रू साधारण ०.९ ग्रॅम भरतो. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, टायटॅनियमच्या नेहमीच्या संमिश्राची ४.४३ आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ‘७०७५’ या संमिश्राची २.८. सगळे शंभर स्क्रू याच मापाचे धरले तर पोलादाचे ९० ग्रॅम, टायटॅनियमचे ५१ आणि अ‍ॅल्युमिनियमचे ३२. टायटॅनियममुळे ३९ ग्रॅम वाचले, म्हणजे गाडीच्या वस्तुमानाच्या तीन टक्क्यांपेक्षाही थोडे कमी. शर्यतीत हे अगदीच नगण्य नाही, पण त्यासाठी काय गमवावे लागते तेही पाहिले पाहिजे.

हार्डवेअरच्या दुकानातला चांगला अ‍ॅलन स्क्रू हातात घेऊन त्याचे डोके पाहा. बहुधा त्यावर ‘१२.९’ असा आकडा कोरलेला असतो. ही किंमत नव्हे, वजनही नव्हे, ती पोलादाची प्रत आहे. १२ ला १०० ने गुणा. दर चौरस मिलिमीटरला १२०० न्यूटन एवढे ताणले की हा स्क्रू तुटतो. पुढचा .९ सांगतो की त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १०८० न्यूटनांपर्यंत ताणून सोडला तर तो पुन्हा मूळ लांबीवर येतो. त्यापुढे तो कायमचा लांबतो.

एम-३ स्क्रूचे आट्यांसकट उपयोगी क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस मिलिमीटर असते. म्हणजे १२.९ प्रतीचा स्क्रू सुमारे ६००० न्यूटनांना, साध्या भाषेत सहाशे किलो वजन टांगल्यावर, तुटेल. सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेले टायटॅनियमचे संमिश्र चौरस मिलिमीटरला ९५० न्यूटनांच्या आसपास तुटते. त्याचा स्क्रू ४८० किलो पेलेल. स्टेनलेसचा नेहमी मिळणारा, डोक्यावर ‘ए२-७०’ लिहिलेला स्क्रू साडेतीनशे किलो, आणि ७०७५ अ‍ॅल्युमिनियमचा २९० किलो. या हिशेबात पोलाद सरळ पहिले येते.

मग टायटॅनियमची कीर्ती कशामुळे? ताकदीला घनतेने भागून पाहा. पोलाद १५३, टायटॅनियम २१४, अ‍ॅल्युमिनियम २०४. म्हणजे ‘ग्रॅममागे ताकद’ पाहिली तर पोलाद मागे पडते, आणि गंमत म्हणजे अ‍ॅल्युमिनियम टायटॅनियमच्या अगदी जवळ येते. विमाने अ‍ॅल्युमिनियमची का बनवतात याचे उत्तर या आकड्यात आहे. पण विमानाचा भाग कमी पडला तर तो जाड करता येतो. स्क्रूचे तसे नाही. भोक ३ मिलिमीटरचे आहे आणि ते तेवढेच राहणार. अ‍ॅल्युमिनियम हलके असल्याने वाचलेले वजन पुन्हा जाडीत घालायची सोयच नाही. ग्रॅममागची ताकद हा गुण खरा, पण स्क्रूला त्याचा फायदा क्वचितच घेता येतो. या वादात सर्वाधिक घोळ इथेच होतो, असे मला वाटते.

आता स्क्रू नेमके करतो काय, ते पाहू. दोन पट्ट्या घसरू नयेत म्हणून मध्ये घातलेली खुंटी, असे आपण समजतो. प्रत्यक्षात चांगला आवळलेला स्क्रू म्हणजे ताणलेली स्प्रिंग असते. तो दोन्ही पट्ट्या एकमेकींवर दाबून धरतो, आणि त्यांना घसरू न देण्याचे काम त्यांच्यातले घर्षण करते. हाताने, छोट्या अ‍ॅलन कीने एम-३ स्क्रू घट्ट आवळला की त्यात २००० न्यूटनांच्या आसपास ताण सहज येतो. तीन माणसांचे वजन! त्याने १० मिलिमीटरचा पोलादी स्क्रू किती लांबतो? पोलादासाठी यंगचा गुणांक चौरस मिलिमीटरला सुमारे २,०५,००० न्यूटन आहे. गणित केले तर उत्तर येते ०.०२ मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढे. टायटॅनियमचा गुणांक जवळजवळ निम्मा, तो स्क्रू ०.०३५ मिलिमीटर ताणला जातो, आणि अ‍ॅल्युमिनियमचा ०.०५५.

समजा, धावताना बसलेल्या हादऱ्यांनी पट्ट्यांचे पृष्ठभाग ०.०१ मिलिमीटरने दबले. पोलादी स्क्रूचा निम्मा ताण गेला. टायटॅनियमचा तीन दशांशाहून किंचित कमी गेला. (पट्ट्या स्वतः जराही दबत नाहीत असे इथे धरले आहे. प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो.) वर्तमानपत्रांचा गठ्ठा एकदा सुतळीने आणि एकदा रबरी पट्टीने बांधा व त्यातून दोन अंक काढून घ्या. सुतळी ढिली पडते, रबर धरून ठेवते. तेव्हा ‘कमी ताठ’ म्हणजे ‘कमी प्रतीचा’ असे मुळीच नाही. अर्थात पोलादी स्क्रू अधिक आवळून ही उणीव भरून काढता येते, पण ज्या भागात आटे पाडले आहेत त्याला ते सोसले पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमचा स्क्रू मात्र २००० न्यूटनांनाच आपल्या मर्यादेच्या पाच भागांपैकी चार भाग पार करून बसलेला असतो. थोडा हात जड झाला की डोके तुटून हातात येते.

स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसत असेल तर हे सगळे गणित बाजूला ठेवावे लागते. तिथे आधी जातात ते प्लॅस्टिकचे आटे. स्क्रू सहाशे किलोचा असो की तीनशेचा, फरक पडत नाही. महागडा टायटॅनियमचा स्क्रू अशा जागी केवळ वजन वाचवतो, आणि तेवढ्यासाठी तो घ्यावा की नाही हे ज्याने त्याने खिशाकडे पाहून ठरवावे. टायटॅनियमचा कच्चा माल दुर्मिळ नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही इल्मेनाइट हे त्याचे खनिज सापडते. पण ऑक्सिजन टायटॅनियमला इतका घट्ट धरून असतो की शुद्ध धातू सोडवून घेणे हेच खर्चाचे काम आहे.

म्हणून अनुभवी खेळाडू ‘गाडीला कोणता स्क्रू’ असे न विचारता ‘या जागी कोणता’ असे विचारतो. गाडीचा तळ म्हणजे कार्बन तंतूंची सपाट पट्टी. तिच्या खालून येणारे, डोके पट्टीत बुडणारे स्क्रू पोलादीच बरे. ते जमिनीवर घासतात, आणि तिथले वजन गुरुत्वमध्य खाली ओढते, जे वळणावर हवेच असते. नियमाने ठरलेल्या किमान वजनापेक्षा गाडी हलकी झाली तर खेळाडू मुद्दाम तळाला पितळेच्या पट्ट्या लावतात! उलट वरच्या पट्टीचे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर जिथे टांगतात त्या कमानींचे आणि चाकांजवळचे स्क्रू टायटॅनियमचे केले तर प्रत्येक ग्रॅम कारणी लागतो. मोटर धरणारे दोन स्क्रू मात्र पोलादाचेच ठेवावेत. मोटर केसभर सरकली की दंतचक्रांची जुळणी बिघडते आणि दाते सोलवटून निघतात. अ‍ॅल्युमिनियमचे स्क्रू जिथे ओढ कमी आणि उघडझाकही कमी, अशा किरकोळ जागी चालतात.

कधी कधी कमकुवतपणाच हवा असतो. विमानांच्या प्रतिकृतींमध्ये पंख नायलॉनच्या स्क्रूंनी बसवतात. विमान आदळले की स्क्रू तुटतो, पंख सुटून पडतो आणि शाबूत राहतो. घरातल्या वीजजोडणीतला फ्यूजही असाच वागतो.

स्क्रू सोडवणे हीदेखील एक परीक्षाच असते. एम-३ च्या चपट्या डोक्याच्या स्क्रूतली षटकोनी खाच फक्त २ मिलिमीटरची असते. अ‍ॅलन कीची टोके झिजलेली असली आणि स्क्रूचा धातू मऊ असला, तर षटकोनाचे वर्तुळ व्हायला एक झटका पुरतो. झिजलेली की टाकून देण्याचा कंटाळा करून मी एका संध्याकाळी चार स्टेनलेस स्क्रूंची अशी वाट लावली आणि शेवटी ते ड्रिलने पोखरून काढले. स्टेनलेस वजनाला पोलादाइतकेच, ताकदीला त्याच्या सहा दशांश. त्यातून मिळते ते फक्त गंजापासून संरक्षण. चिखलात, पावसात गाडी चालवणाऱ्याने तेवढ्यासाठी ते जरूर घ्यावे.

गंजापासून वाचवणारा ऑक्साइडचा पातळ थरच पुढे एक अडचण उभी करतो. स्टेनलेस नटात स्टेनलेस स्क्रू किंवा टायटॅनियमच्या आट्यांत टायटॅनियमचा स्क्रू फिरवताना दाबाखाली हा थर खरवडला जातो, उघडे धातू एकमेकांना चिकटतात आणि स्क्रू जागीच जॅम होतो. आट्यांना आधी थोडे ग्रीस लावले तर हे टळते.

धातूत बसणारे स्क्रू हादऱ्याने सुटू नयेत म्हणून जो द्रव लावतात, त्याची कथा रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली तो तयार केला. हवेतला ऑक्सिजन असेपर्यंत तो पातळ राहतो. आट्यांच्या फटीत हवा संपली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतो. म्हणून त्याची बाटली काठोकाठ भरलेली नसते, हवेसाठी जागा सोडलेली असते. लोखंडावर तो लवकर आवळतो, टायटॅनियम आणि स्टेनलेसवर सावकाश. प्लॅस्टिकच्या आट्यांत त्याचा उपयोग नाही, आणि गाडीचे कवच ज्याचे असते त्या पॉलिकार्बोनेटला तर त्याने तडे जातात.

वर्गात करायचे असेल तर पोलाद, स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमचे एम-८ मापाचे दहा-दहा स्क्रू आणा. मापनपात्रातल्या पाण्यात बुडवून आकारमान काढा, वजन करा आणि घनता काढा. पोलाद व स्टेनलेस यांचे आकडे इतके जवळ येतील की घनतेवरून ते ओळखता येणार नाहीत. तेव्हा लोहचुंबक काढा. स्टेनलेस बहुधा चिकटणार नाही, पण एखादा स्क्रू आट्यांपाशी किंचित ओढला जाईल. आटे थंड अवस्थेत दाबून पाडताना तिथल्या धातूची स्फटिकरचना बदललेली असते. डोक्याशी आणि आट्यांशी चुंबकाची ओढ वेगळी का, हे मुलांना आधी स्वतःच शोधू द्या.