अदमासपंचे

लॅपटॉप घ्यायचा झाला की आमच्या गोतावळ्यातील मंडळी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी माझ्याकडे येतात, आणि चहाचा कप हाती पडतो न पडतो तोच विचारतात, "आत्ताच घेऊ, की नवा येईतो थांबू?" या प्रश्नाचे उत्तर देणे म्हणजे जे यंत्र अद्याप कोणी पाहिलेले नाही त्याच्या अंतरंगाचा तपशील सांगणे होय. पंचांग मांडून बसलेल्या जोशीबुवांच्या व्यवसायाशी या कामाचे नाते फारसे दूरचे नाही. फरक इतकाच, की जोशीबुवांना दक्षिणा मिळते आणि मला, अदमास चुकला तर, पुढील दिवाळीपर्यंत टोमणे मिळतात.

या नादाला मी लागलो तो पुण्यातील एका लहानशा मुद्रणालयात. पुस्तकांच्या पानांची मांडणी मी तेव्हा ॲपलच्या पॉवरबुकवर करीत असे. २००३ साली जी५ हा नवा प्रोसेसर टेबलावरच्या पॉवर मॅकमध्ये आला, वर्षभरात त्याची गती ३ गिगाहर्ट्झवर नेण्याचे वचन स्टीव्ह जॉब्ज यांनी भर सभेत दिले, आणि पुढल्याच वर्षी तो आयमॅकच्या सडपातळ देहातही शिरला, तेव्हा आता पाळी पॉवरबुकची, हा निष्कर्ष मला इतका स्वयंसिद्ध वाटला की मालकांना मी बेधडक सांगितले, "दोन महिने थांबा." ही दोन महिन्यांची मुदत दर दोन महिन्यांनी वाढत गेली. जी गोष्ट डोळ्यांसमोर होती ती मात्र मी मनावर घेतली नाही : टेबलावरच्या त्या पेटीत वारा घालण्यास नऊ पंखे होते, आणि २००४ मधील २.५ गिगाहर्ट्झच्या आवृत्तीला तर मोटारीच्या इंजिनाप्रमाणे द्रव खेळवून थंड ठेवावे लागत होते. इंचभर जाडीच्या लॅपटॉपात तो निखारा ठेवणार कोठे? जानेवारी २००५ मध्ये नवे पॉवरबुक आले ते जुन्याच जी४ चे, १.६७ गिगाहर्ट्झचे. जूनमध्ये जॉब्ज यांनी ३ गिगाहर्ट्झ साधले नसल्याची कबुली दिली आणि इंटेलकडे वळण्याचा निर्णय जाहीर केला. १० जानेवारी २००६ रोजी मॅकबुक प्रो प्रकट झाले. त्यातही गंमत अशी, की १.६७ आणि १.८३ गिगाहर्ट्झ म्हणून जाहीर झालेली ती यंत्रे फेब्रुवारीत गिऱ्हाइकाच्या हाती पडली तेव्हा त्याच किमतीत १.८३ आणि २ ची झाली होती. जी५ चे पॉवरबुक कधीच निघाले नाही. आमच्या मालकांनी तोवर घरघरणाऱ्या जुन्या यंत्रावर दोन दिवाळी अंक काढले होते.

तेव्हापासून माझ्या कामाचा क्रम उलटा झाला. नवे काय येणार याचा विचार मी मागाहून करतो; काय येऊच शकत नाही ते आधी खोडून टाकतो. विमानात प्रवाशाला खास परवानगीवाचून नेता येणाऱ्या लिथियम बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, सबब कोणी १३० वॉट-तासांच्या बॅटरीची वार्ता आणली तर ती ऐकून घेऊन चहा मागवावा. २०१९ साली सोळा इंची मॅकबुक प्रोची बॅटरी नेमकी १०० वर येऊन थांबली, ती उगीच नव्हे. भागाकार तर याहून उपयोगी. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅकबुक एअर आले तेव्हा बॅटरी ४९.९ वॉट-तासांची आणि चित्रपट पाहण्याचे आश्वासन १८ तासांपर्यंतचे. म्हणजे पडद्यासकट सारा संसार पावणेतीन वॉटच्या आसपास, जुन्या झिरोच्या बल्बहूनही कमी खर्चात, चालतो हे कागदाच्या कपट्यावर निघते, आणि त्याच चिपच्या पुढल्या पिढीविषयी बोलताना पाय जमिनीवर राहतात.

खोडाखोड झाली की दफ्तरांचा कानोसा. भारतात २०१२ च्या हुकुमापासून लॅपटॉप आणि त्यांचे अडॅप्टर यांना भारतीय मानक ब्यूरोकडे सक्तीने नोंदणी करावी लागते. विक्रीपूर्वी नोंद व्हावी लागत असल्याने मॉडेलचा क्रमांक कधी कधी जाहिरातीच्या आधी दफ्तरात रुजू झालेला दिसतो. ही नोंद म्हणजे लखोट्यावरचा पत्ता. आतले पत्र तिच्यात वाचता येत नाही. अमेरिकेतील दूरसंचार आयोग यंत्राची आतली छायाचित्रेही मागून घेतो, परंतु कंपनीच्या विनंतीवरून ती १८० दिवसांपर्यंत गुप्त ठेवण्याची मुभा देतो. याउलट इंटेल आणि एएमडी यांचे अभियंते लिनक्सला आपल्या आगामी चिपांची ओळख करून देण्यासाठी महिनोन्‌महिने आधी आज्ञावलीचे मसुदे उघड्यावर धाडतात, आणि वाचणाऱ्याला चिकाटी असेल तर त्यातून पुष्कळ काही गवसते. टोपणनावांची हौसही तेथेच भागते : इंटेलची सरोवरे, एएमडीचे चित्रकार. पिकासो २०१९ चा, सेझान २०२१ चा, रेम्ब्रांट त्याच्या पुढल्या वर्षीचा. कलेच्या इतिहासाचा असा चक्काचूर पाहून एखाद्या चित्रकला-शिक्षकाला भोवळच यावी.

एप्रिल २०२१ मध्ये खंडणीखोरांनी तैवानच्या क्वांटा कंपनीतून ॲपलचे आराखडे पळविले आणि त्यांत एचडीएमआय, एसडी कार्डाची खाच व चार्जिंगचे लोहचुंबकी तोंड परत आलेले दिसले. ऑक्टोबरमध्ये ते सारे अक्षरशः खरे ठरले. त्या खरेपणाने मला कसलाही आनंद झाला नाही. दुसऱ्याची पेटी फोडून आतला ऐवज मोजणे याला अदमास म्हणत नाहीत.

परवा भाची आली. तिला वास्तुकलेच्या अभ्यासासाठी यंत्र हवे होते, आणि मैत्रिणीने सांगितलेल्या एका येऊ घातलेल्या पातळ लॅपटॉपवर तिचे मन जडले होते : ४५ वॉटचा प्रोसेसर, ६० वॉटचे स्वतंत्र ग्राफिक्स, आणि सोबत "मामा, अडॅप्टरसुद्धा इवलासा, आताच्या माझ्या अडॅप्टरएवढाच!" मी तो तिचा जुना अडॅप्टर मागून घेतला आणि उलटा करून भिंगाखाली धरला. मानक ब्यूरोच्या चिन्हाजवळ आर अक्षरापुढे आठ आकडे, आणि वरच्या बाजूस मुंगीएवढ्या अक्षरांत : १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर. गुणाकार तिलाच करायला लावला.

"पासष्ट," ती म्हणाली, आणि मग पंचेचाळीस अधिक साठ अशी बेरीज तिने न सांगता केली. "म्हणजे पडद्याला उरलंच काही नाही."

"दोन्ही एकदम पुऱ्या जोराने चालायचे म्हटले तर बॅटरीतून उसनवार करावी लागेल. तेव्हा एक तर ग्राफिक्स इतके मोठे नाही, किंवा अडॅप्टर इतका लहान नाही. कॉलेज कधी सुरू होतंय?"

"ऑगस्टात."

"मग दुकानात आहेत त्यांतलाच घे."

तारीख घालून हे सारे मी वहीत उतरवून घेतले. स्मरण चुकलेले अदमास परस्पर दुरुस्त करून ठेवते, म्हणून ही वही मुद्रणालयाच्या दिवसांपासून ठेवली आहे. भाचीने ती ओढून घेतली आणि मागे मागे चाळत गेली. एका पिवळ्या पडलेल्या पानावर ती थांबली. तेथे माझ्याच अक्षरात 'पॉवरबुक जी५, दोन महिन्यांत, खात्रीलायक' असे लिहिले होते, आणि खात्रीलायक या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"हे चांगलं होतं का, मामा?" तिने विचारले.