लेक पुण्याला शिकायला निघते तेव्हा

जून-जुलैत आळेफाट्यावर एक चित्र हमखास दिसतं. पेटी, गादीची वळकटी, पिशवीत चिवड्याचा डबा, आणि लेकीसोबत पुण्याच्या गाडीची वाट बघणारी आई. मुलगा निघाला तर घर खुशीत असतं. मुलगी निघाली तर महिनाभर आधीपासून घरात खल चाललेला असतो.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या लेकीला पुण्यात प्रवेश मिळाला. "बाहेर ठेवायची नाही, जाऊन-येऊन करील," असं घरात ठरलं. फाट्यापासून पुणं सुमारे ९० किलोमीटर. चाकणची कोंडी धरली तर दिवसाचे सहा-सात तास रस्त्यातच जायचे. संध्याकाळी गाडीतून उतरून मळ्यापर्यंत अंधारात चालायचं, आणि दोन्ही बाजूंच्या उसात बिबट्याचं भय. दोन महिन्यांत पोर खंगली. घरात बोलणं सुरू झालं, "पुरे आता शिक्षण, स्थळं बघू." ताईंनी बैठकीत हे सांगितलं तेव्हा आम्हाला उमगलं, पोरीचं गाडं अभ्यासात अडलं नव्हतं, राहण्याच्या सोयीपाशी अडलं होतं.

ही अडचण जुनीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, ते याचसाठी. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आज आपल्याला दागिने मोडायची पाळी येऊ नये, म्हणून तयारी वेळेवर करायची.

पहिली गोष्ट पैशाची. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क सरकार भरतं. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं. पण शुल्क माफ झालं म्हणजे राहणं-जेवण माफ झालं असं नव्हे. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. समाजकल्याण विभागाची मुलींची वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलींसाठी स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलींसाठी स्वयम् योजना आहे, तिची चौकशी घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, अल्पभूधारक दाखला, यांतले आपल्याला लागू असतील ते बारावीच्या वर्षातच काढून ठेवा. मुलीच्या नावचं बँक खातं आधारला जोडा. निकाल लागल्यावर सगळेच सेतू केंद्रावर धावतात, आणि एका कागदापायी वर्ष हुकतं.

तिसरी गोष्ट जागेची. वसतिगृह नाही मिळालं तर कॉट बेसिसवर खोली बघावी लागते. आई-वडिलांनी स्वतः जाऊन बघावी. डिपॉझिट किती, परत कधी, पावती देतात का, पाणी किती वेळ येतं, रात्री दाराला कुलूप कोण लावतं, हे विचारायला लाजू नका. आधीपासून राहणाऱ्या मुलींशी दोन शब्द बोला. खरं काय ते त्याच सांगतात.

चौथी गोष्ट घरातली. निघण्याआधी मुलीशी बसून ठरवा, महिन्याला किती पैसे, फोन कधी, गावी कधी यायचं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा येणं-जाणं तेवढं जड नाही. आणि एक सांगून ठेवा, "काही चुकलं, कुणी त्रास दिला, तर आधी आम्हाला सांग. तुझं शिक्षण आम्ही बंद करणार नाही." ही भीती असते म्हणूनच मुली गप्प बसतात.

आमच्या त्या ताईंनी गटातून कर्ज घेतलं, डिपॉझिट भरलं. लेक आता दुसऱ्या वर्षाला आहे. सगळ्यात जास्त विरोध आजीचा होता. आता रविवारी नातीचा फोन आला की पहिल्यांदा फोन हातात घेते ती आजीच.

तुमच्या गटात यंदा कुणाची लेक बारावीला आहे? पुढच्या बैठकीत तिच्या आईला एवढंच विचारा, "कागद काढले का गं?"