उरलेला रस्सा कुणाच्या वाट्याला?

रविवारी आठ-दहा माणसं जेवायला असली की अंदाज थोडा पुढे-मागे होतोच. पनीर, अंडी वेचून संपतात आणि रात्री ओट्यावर पातेल्यात उरते ती नुसती ग्रेव्ही. टाकायची म्हटलं तर जिवावर येतं. कांदा चिरण्यापासून खोबरं भाजण्यापर्यंत तास-दीड तास त्यात गेलेला असतो. मग सोमवारी काय होतं? नवऱ्याच्या डब्यात ताजी भाजी, मुलांना गरम पोळी, आणि तो रस्सा? तो दुपारी घरातली बाई संपवते. मंगळवारीही तीच. ‘वाया कशाला घालवायचं’ असं स्वतःशीच म्हणत!

मैत्रिणींनो, अन्न वाया जाऊ नये हे शंभर टक्के खरं. पण ती जबाबदारी एकटीच्या पोटावर का? उरलेला रस्सा त्याच रात्री फ्रीझरमध्ये गेला, तर दहा-बारा दिवसांनी तोच सगळ्यांच्या ताटात नव्या रूपात येऊ शकतो.

आपण नाशिककर तर कांदा-टोमॅटोच्या माहेरातच राहतो. लासलगावचा कांदा आणि पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो देशभर जातो. तरीही भावाचे चटके आपल्याला चुकत नाहीत. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली आणि सप्टेंबरपर्यंत भाव असा कोसळला, की शेतकऱ्याचा तोडणीचा खर्चही निघेना. स्वस्ताईत वाटण करून ठेवलेल्या घराला महागाईची झळ जरा कमी लागते. म्हणजे ही युक्ती उरलेल्या ग्रेव्हीपुरतीच नाही, मुद्दाम जास्त केलेल्या वाटणालाही लागू आहे.

शिळं की साठवलेलं?

‘फ्रीजमधलं म्हणजे शिळं,’ असं सासूबाई म्हणतात. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. रस्सा शिळा होतो तो ओट्यावर. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान जंतू झपाट्यानं वाढतात. काही जंतूंचे बीजाणू तर उकळीतही टिकतात आणि मोठं पातेलं हळूहळू कोमट होत गेलं की पुन्हा जागे होतात. म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत थंडाव्यात जायला हवं. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर तासाभरातच. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशाला जंतूंची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. रात्रभर बाहेर राहिलेला रस्सा सकाळी फ्रीझरमध्ये ढकलला, तर तो शिळाच राहतो. हॉटेलातून बांधून आणलेली, किती वेळची ते ठाऊक नसलेली ग्रेव्हीही ठेवू नका. आणि उष्टा चमचा लागलेली तर नाहीच नाही.

ठेवायची कशी?

आधी पटकन गार करा. रस्सा पसरट भांड्यात ओता, ते भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवा आणि अधूनमधून ढवळा. मग एका जेवणाला पुरेल एवढेच वाटे करा. जाड पिशवीत भरून हवा काढा आणि पिशवी ताटात आडवी ठेवून गोठवा. पातळ थर लवकर गोठतो, बर्फाचे कण बारीक राहतात आणि चव-पोत टिकतो. शिवाय वितळतोही झटपट. डब्यात भरणार असाल तर वर बोटभर जागा सोडा, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. काचेची बरणी नकोच, तडकते. घट्ट वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत काढून ठेवा. वर चिकटपट्टी लावून नाव-तारीख लिहायला विसरू नका. गोठल्यावर काळा रस्सा कुठला आणि मखनी कुठली, ओळखू येत नाही हो!

कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, मिसळीचा रस्सा हे सगळं छान टिकतं. दही, साय, नारळाचं दूध घातलेली ग्रेव्ही मात्र फुटते. बटाटा भुसभुशीत होतो. म्हणून बटाटे काढून घ्या, आणि दही-साय शक्यतो परत गरम करतानाच घाला. दोन दारी फ्रीजच्या फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चव राहते. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात पुरेशी थंडी नसते, तिथलं आठवडाभरात संपवा.

नवं रूप

आदल्या रात्री पिशवी खालच्या कप्प्यात काढून ठेवा, किंवा तशीच पातेल्यात टाकून मंद आचेवर ठेवा. ओट्यावर तासन्तास वितळवू नका. सणसणीत उकळी आलीच पाहिजे, नुसतं कोमट करून भागत नाही. एकदा वितळलेलं आणि गरम केलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

आता करायचं काय? काळ्या रस्स्यात थोडं पाणी घालून उकळा, वाढताना जाड तिखट शेव टाका. शेवभाजी तयार! मोड आलेली मटकी शिजवून घातली की मिसळ. उकडलेली अंडी सोडली की अंडाकरी. लाल ग्रेव्हीत तांदूळ परतले की मसालेभात, आणि अगदी थोडीच असेल तर कणकेत मळून पराठे. वरून लसणाची ताजी फोडणी, चिमूटभर गरम मसाला आणि कोथिंबीर हवीच. गोठवल्यावर मसाल्याचा वास जरा मंदावतो.

पावसाळ्यात वीज गेली तर फ्रीझरचं दार उघडूच नका. उणे १८ अंशाचा फ्रीझर गच्च भरलेला आणि बंद असेल तर सुमारे ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. बर्फाचे कण शिल्लक असतील तर पुन्हा गोठवायला हरकत नाही. पूर्ण वितळून कोमट झालेलं मात्र सरळ टाका. औषधपाण्याचा खर्च वाटीभर रस्स्यापेक्षा नक्कीच जास्त असतो.

आणि हो, चिकटपट्टीवर तारीख लिहायचं काम मुलांकडे द्या, पिशव्या भरायचं नवऱ्याकडे. फ्रीझरमध्ये काय आहे हे घरात सगळ्यांना माहीत असलं, की एखाद्या संध्याकाळी तुम्ही उशिरा घरी आलात तरी शेवभाजी कुणीही करू शकतं. त्या दिवशी तुम्ही फक्त ताटावर बसायचं!