राज्य बदलल्याने भविष्य निर्वाह निधीवरील कर बदलतो काय?

नोकरीचा काळ एका राज्यात घालवून उतारवयात दुसऱ्या राज्यातील मूळ गावी परतणाऱ्यांची संख्या मोठी आहे. अशा वेळी भविष्य निर्वाह निधीच्या अथवा निवृत्तिवेतनाच्या रकमेवर नव्या राज्याचा कर भरावा लागेल काय, अशी शंका अनेकांच्या मनात येते. ही शंका निराधार आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार शेतीखेरीज अन्य उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार केंद्राचा आहे. त्यामुळे आयकराचे नियम पणजी, बेळगाव, इंदूर व वडोदरा येथे सारखेच लागू होतात.

महाराष्ट्र, कर्नाटक आदी राज्यांत आकारला जाणारा व्यवसाय कर हा नोकरी व धंद्यावरील कर आहे. घटनेने त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठरविली आहे. निवृत्तीनंतर नव्या गावी पुन्हा नोकरी वा धंदा सुरू केल्यास मात्र तेथील नियमांची माहिती करून घ्यावी.

खरे नुकसान होते ते राज्य बदलल्याने नव्हे, तर नोकरी बदलताना घाईने पैसे काढल्याने. सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर काढलेली निधीची रक्कम करमुक्त असते. समजा, एका कामगाराने कोल्हापूरच्या कारखान्यात तीन वर्षे काम केले व पुढे तो वेर्णा येथील कारखान्यात रुजू झाला. जुनी रक्कम त्याने काढून घेतली, तर मालकाचा हिस्सा व व्याज करपात्र ठरते. रक्कम ५०,००० रुपये किंवा अधिक असल्यास १० टक्के आयकर आधीच कापला जातो. पॅन क्रमांक दिलेला नसल्यास ही कपात २० टक्के होते. उलटपक्षी, तीच रक्कम त्याने नव्या खात्यात वर्ग करून घेतली, तर मागील तीन वर्षे सेवेत धरली जातात आणि वेर्णा येथे आणखी दोन वर्षे भरताच पाच वर्षांची अट पूर्ण होते. आजारपणामुळे अथवा कारखाना बंद पडल्यामुळे नोकरी गेली असेल, तर पाच वर्षांची अट आड येत नाही.

यास्तव गाव सोडताना आपला यूएएन क्रमांक जपून ठेवावा, त्यास आधार, पॅन व बँक खाते जोडून घ्यावे आणि जुनी रक्कम वर्ग झाल्याची खात्री करावी. ग्रामसेवक व शिक्षक बंधुभगिनींनी ही माहिती परगावी कामास जाणाऱ्या तरुणांपर्यंत अवश्य पोहोचवावी. कष्टाची पुंजी अज्ञानापायी घटू नये, एवढीच अपेक्षा.