अंगणातील रानवृक्ष



जन्म कामगार संघटनेच्या कामात गेलेल्या माणसाने झाडांविषयी बोलावे याचे कोणास नवल वाटेल. पण मी एका चुकीची कबुली द्यावयास उभा आहे. आमच्या वसाहतीत आम्ही भिंतीपासून दोन हातांवर बकुळीचे रोप लावले. बाराव्या वर्षी फांद्या विजेच्या तारांना भिडल्या. सभा भरली, 'वरून अर्धे उडवा' असा ठराव आला आणि त्याच्या बाजूने माझाही हात वर झाला. पुढे खोड वरून कुजत आले आणि पडण्याच्या भयाने झाड मुळापासून काढावे लागले. त्यानंतर मी जे शिकलो ते सांगतो.

बकुळ, सीताअशोक, कोकम, फणस हे मूळचे सह्याद्रीच्या सदाहरित रानातले वृक्ष. महाबळेश्वरास वर्षाला ५५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्यास जेमतेम ७००. त्या दाट रानात जमिनीपर्यंत सूर्यप्रकाशाचे शंभरातले एकदोन हिस्सेच पोहोचतात. म्हणून तेथील रोप उजेडासाठी सरळ वर धाव घेते आणि खालच्या फांद्या टाकून देते. अंगणात उजेड चहूबाजूंनी येतो. तेथे तेच झाड कमी उंच आणि अधिक पसरट होते. म्हणजे झाडाचा आकार काही अंशी परिस्थितीने ठरतो, आणि ही परिस्थिती आपल्या हाती असते.

यातली दुसरी गोष्ट शेंड्याची. शेंड्याच्या कोंबात तयार होणारे एक द्रव्य खाली उतरून बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. रोप छातीइतके झाले की शेंडा नखाने खुडावा. मग बाजूचे डोळे फुटतात. त्यांतल्या चहू दिशांना जाणाऱ्या तीनचार फांद्या राखाव्यात. पुढे वर्षातून एकदा, फुले-फळे उतरल्यावर, पण भर पावसात नव्हे, अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतच्या फांद्या विरळ कराव्यात. एका वेळी पालवीचा चौथा हिस्सासुद्धा काढू नये. फांदीच्या बुडाशी फुगीर कडे असते, ते राखून कापावे. त्याच कड्यातून जखम भरते. खुंट ठेवू नये, डांबरही फासू नये.

मोठ्या झाडाचे डोके उडवले की नेमके उलटे घडते. दबलेले डोळे एकदम फुटतात, सरळसोट कोंबांचा झुबका वर येतो, झाड झपाट्याने पहिली उंची गाठू पाहते, आणि ते कोंब खोडाला घट्ट धरलेले नसतात. रुंद जखम भरत नाही. तिच्यातून कूज आत शिरते. उंची कमी करावयास जावे आणि धोका वाढवून बसावे, असा हा व्यवहार आहे.

झाड निवडतानाही विचार हवा. लहान अंगणास सीताअशोक बरा. तो सावकाश वाढतो. फाटकापाशी उंच सुळक्यासारखा दिसणारा 'अशोक' तो हा नव्हे. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांचे रोप नर निघाले तर फळ नाही. म्हणून कलम घ्यावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात प्रसिद्ध आहे. त्यातही कलमाची काडी आडव्या फांदीची असेल तर झाड झुडपासारखे पसरते, उभ्या फांदीची असेल तर सरळ वाढते. फणसाला फळे खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात. तेव्हा त्याला वर वाढू देण्याची गरज नाही, पण घराजवळ त्याला जागा देऊ नये. या झाडांचे बी वाळवू नये, ताजेच पेरावे. पहिली दोनतीन वर्षे उन्हाळ्यात सावली, पाणी आणि आळ्यात पाचोळा हवा.

आणखी एक. महाराष्ट्रात शहरांतील झाडांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. मोठ्या झाडाला करवत लावण्यापूर्वी नगरपालिकेत चौकशी करावी. तारांजवळच्या फांद्यांना आपण हात लावू नये, वीज कंपनीस कळवावे.

आम्ही बकुळीचे नवे रोप लावले आहे. भिंतीपासून पंधरा हातांवर, तारांपासून दूर. गेल्या वर्षी त्याचा शेंडा वसाहतीतल्या एका मुलीने खुडला. तिला मी एवढेच सांगितले, की आज नखाने होणारे काम उद्यावर टाकले, तर ते कुऱ्हाडीकडे जाते.