आधी प्रश्न, मग पाना

मोटार लंगडू लागली की आजूबाजूच्या प्रत्येकाला मोटारीतले कळू लागते. यंदा श्रावणात आमची जुनी डिझेल मोटार सकाळी सुरू होताना कण्हू लागली, तेव्हा दहिवलीच्या आमच्या आळीत तिची निदान सात निदाने झाली. शेजारचे गुरुजी म्हणाले, हीटर प्लग गेले. दूधवाला म्हणाला, डिझेलात भेसळ आहे. आमच्या सौभाग्यवतींचे निदान सर्वांत सुटसुटीत होते : “विकून टाका!”

विकणे सोपे होते; पण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आठवड्यातून दोनदा पहाटे पनवेलच्या दवाखान्यात न्यावे लागते. वय ८२. कर्जतहून चौकमार्गे जाताना अंधारात, भर पावसात गाडी बंद पडली तर काय करायचे, या विचाराने मला आदल्या रात्री झोप लागत नसे. नवी मोटार घेण्याची ऐपत नव्हती. आणि या गाडीच्या नोंदणीची १५ वर्षे उलटल्यावर पुढच्या ५ वर्षांचे नूतनीकरण मी नुकतेच करून घेतले होते.

लक्षणे अशी होती. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी बराच वेळ स्टार्टर मारल्यावर सुरू होई. मग दोन-तीन मिनिटे सारे अंग थरथरे, मागून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर निघे, आणि नंतर काही झालेच नाही अशी ती शहाण्यासारखी चालू लागे. चढावर मात्र मध्येच झटके देई. गॅरेजवाले याला ‘मिसिंग’ म्हणतात. एका गॅरेजात चारही हीटर प्लग बदलून झाले. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, “पंप उतरवावा लागेल. पंचवीस हजार धरा.”

एवढ्यात गणपतीसाठी मामा आले. मामांची सारी नोकरी एका इंजिन कारखान्यात गेली. शेवटी ते फोरमन होते. मला वाटले, आल्या आल्या ते बॉनेट उघडतील. ते ओटीवर बसून चहा पीत राहिले आणि मला प्रश्न विचारू लागले.

“थंड असताना त्रास देते की गरम झाल्यावर? धूर कसा? आणि दुखणे सुरू व्हायच्या आधी गाडीला शेवटचा हात कोणी लावला होता?”

“कोणीच नाही, मामा,” मी म्हणालो.

“आठवून पाहा,” एवढेच ते बोलले.

चहा संपेपर्यंत त्यांनी मला डिझेल इंजिनाचे मर्म सांगितले. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला यशस्वी ठरले; त्यात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नाही. हवा दाबून दाबून सुमारे विसाव्या हिश्शाएवढ्या जागेत कोंडली की ती ५०० अंशांहून अधिक तापते, आणि तीत उडालेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. १९९८ च्या अखेरीस पिंपरीच्या कारखान्यातून इंडिका आली आणि कितीतरी मध्यमवर्गीय दारांत डिझेलची मोटार प्रथमच उभी राहिली. पण तत्त्व तेच.

“म्हणजे दोष तीनच जागी असू शकतो,” मामा म्हणाले. “हवा, दाब किंवा डिझेल. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा, झोंबणारा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. सुरू झाल्या झाल्या इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेते. त्यात प्रत्येक सिलिंडर चारशे वेळा पेटला पाहिजे. आता कोण पेटत नाही ते पाहू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असतानाच त्यांनी काम सुरू केले. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. इंजिन थरथरत असताना एकेका नोझलकडे जाणाऱ्या प्रेशर पाइपचे नट त्यांनी क्रमाने जरासे सैल केले आणि पुन्हा आवळले. जो सिलिंडर काम करतो त्याचा नट सैल केला की इंजिनाचा आवाज पडतो. जो आधीच मुका आहे त्याच्या नटाने काहीच फरक पडत नाही. आमच्या गाडीचा आवाज चारही वेळा पडला.

“चौघांत चोर कोणीच नाही,” मामा म्हणाले. “मग चौघांना वाढणाऱ्याकडे पाहायचे.”

एखादाच मुका निघाला असता, तर त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहायचे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल वाईट. जागीच राहिला तर दाब मोजायचा.

मग त्यांनी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी जोडली. नळीतून डिझेलबरोबर बुडबुडे धावत होते! पंपाला थेट डब्यातले स्वच्छ डिझेल पाजले, तर इंजिन क्षणात गुळगुळीत चालू लागले. म्हणजे पंप, नोझल, सिलिंडर सारे निर्दोष. तीच नळी फिल्टरच्या अलीकडे लावली, तर तिथे बुडबुडा नाही. हवा शिरत होती ती फिल्टरमध्येच.

“पण मामा, तिथे डिझेलचा एक थेंबही गळत नाही!”

“गळणार कसा? पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. ओढणाऱ्या नळीला भोक पडले तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. आणि रात्री तीच हवा शिरून डिझेल टाकीकडे उतरते.”

फिल्टरच्या तळाशी पाणी काढण्याचा स्क्रू असतो. तो त्यांनी सोडवला. त्यावरची रबरी रिंग कडक होऊन चिरली होती. मला घाम फुटला. आषाढात पहिला जोराचा पाऊस झाला, तेव्हा टाकीत दमटपणाने पाणी साचते असे ऐकून मीच मोठ्या उत्साहाने तो स्क्रू सोडवला होता, आणि जुनीच रिंग पुन्हा लावली होती. शेवटचा हात माझाच!

नवी रिंग आली वीस रुपयांत. हातपंपाने हवा काढली, आणि दुसऱ्या सकाळी गाडी अर्ध्या स्टार्टरला सुरू झाली.

एक इशारा मात्र मामांनी तीनदा दिला. नोझलचा फवारा कातडी भेदून रक्तात जाऊ शकतो. हात कधीही पुढे करू नये. आणि कॉमन रेल पद्धतीच्या नव्या डिझेल गाड्यांत दाब हजार बारच्याही वर जातो, तेथे नट सैल करण्याची ही युक्ती चुकूनही करू नये. त्यांची तपासणी यंत्रानेच व्हावी.

मामा पुण्याला परत गेले. मी मात्र एक गोष्ट शिकलो : सुटे भाग बदलत जाणे म्हणजे निदान नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, स्वस्तातली शक्यता आधी पाहावी, आणि संशयितांच्या यादीत स्वतःचेही नाव घालावे.

परवा पहाटे अण्णांना घेऊन निघालो. स्टेशनकडून घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिने लागल्याचा आवाज येत होता. आमची गाडी एका दमात सुरू झाली. अण्णांनी कान देऊन ऐकले आणि शाल सावरत म्हणाले, “आज हिची कुरकुर नाही हो!”